चौकचा बर्फ आणि तुझं चौथं प्रकरण

पूनम सागर, मीरा रोड
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय क्लेअर,

सप्रेम नमस्कार. नाताळ होऊन गेला तरी मेरी ख्रिसमस, आणि नवीन वर्षाच्या शुभेच्छा. हे पत्र आणि सोबतची पिशवी तुला सलोनीने आणून दिली असेल. सलोनी आमच्या खालच्या मजल्यावर राहते. नर्स आहे, तुमच्या रॉटरडॅमलाच नोकरी लागलीय तिला. पिशवीत सुके बोंबील आणि तुझ्या मम्मीने, सेलेस्टिन आंटींनी, कुटलेला बाटली मसाला आहे. त्यांनी त्यावर इतकं प्लास्टिक गुंडाळलंय की विमानतळावरच्या कुत्र्यालाही पत्ता लागू नये. बोंबील भाजताना खिडक्या उघड, नाहीतर शेजारी पोलीस बोलावतील.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण भाजीवाल्याशी हिंदीत हुज्जत घालायला ती रोज सगळे जिने उतरते. "भैया, ये मेथी है की घास?" हे वाक्य आता त्यालाही पाठ झालंय. बिल्डिंगच्या रीडेव्हलपमेंटची मीटिंग दर महिन्याला भरते आणि दर महिन्याला वडापाव खाऊन संपते. भायंदर स्टेशनजवळ मी ऑफिस घेतलंय. म्हणजे अर्धं घेतलंय, उरलेल्या अर्ध्यात एक विमा एजंट बसतो आणि माझ्या अशिलांना पॉलिसी विकतो.

कागदावर का लिहितेय ते सांगते. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि मेल तू ऑफिसच्या लॅपटॉपवर उघडतेस. मी चौक गावच्या मच्छीमार सोसायटीची वकील आणि तू समोरच्या, बर्फाचं मशीन विकणाऱ्या कंपनीच्या विधी विभागातली नोकर. म्हणून केसबद्दल या पत्रात जे आहे ते सगळं कोर्टाच्या कागदांवर आधीच आहे. त्यापलीकडचं मी लिहिणार नाही आणि तूही विचारू नकोस.

आता तुझी मेल. तू लिहिलंस, पप्पांना समजाव, सही करायला लाव. माफी नाही, दंड नाही. तुझ्या भावाने, ट्रॉयने, लिहिलेला प्रोग्राम कंपनीच्या हवाली करायचा, आपल्याकडची प्रत पुसायची, आणि पुन्हा असलं काही लिहिणार नाही असं कबूल करायचं. बदल्यात केस मागे, आणि पाच वर्षं मशीनची देखभाल फुकट. पडद्याआड राहून तू एवढं मिळवलंस, त्यासाठी किती जणांशी वाद घातला असशील तेही मला कळतं.

पण मी समजावणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. तुझा निरोप तुझ्या पप्पांना, मायकेल अंकलना, शब्दन् शब्द पोचवला. माझं काम तेवढंच.

तुझ्या ऑफिसातल्या फाईलमध्ये नोटीस असेल, करार असेल, फोटो असतील. चौकच्या धक्क्यावर काय झालं ते तिच्यात नसेल. ते मी सांगते.

मच्छीमार सोसायटीने ते बर्फाचं मशीन घेतलं तेव्हा तू इथेच होतीस, फीत तूच कापलीस. दोन सीझन उत्तम चाललं. गेल्या ऑक्टोबरात, ऐन उकाड्यात, त्याच्या पंख्याची मोटर जळली. साधी मोटर. कंपनीला कळवलं. उत्तर आलं, मोटर येईल, पण ती बसवायला कंपनीचाच माणूस लागेल आणि त्याची तारीख नाताळाच्या सुमाराची. नाताळाच्या सुमाराची! बोटी रोज भरून येतायत. ट्रॉयने भायंदरच्या औद्योगिक वसाहतीतून त्याच ताकदीची मोटर आणून बसवली. पंखा फिरला. मशीन मात्र चालू होईना. पडद्यावर लाल अक्षरं आली, अनधिकृत भाग, सेवा केंद्राशी संपर्क करा.

पुढचे काही दिवस मी पाहिलेत. बर्फ बाहेरून टेम्पोने यायचा, तो येईस्तोवर अर्धा वितळलेला. सेलेस्टिन आंटींनी एक दिवस भायंदरच्या बाजारातून टोपली तशीच परत आणली. मला म्हणाल्या, "गिऱ्हाईक म्हावऱ्याचं डोळं बगते, रुचिता. लाल डोळ्याचं म्हावरं मीच घेनार न्हाय, तर ते कशाला घेतील?" टोपली त्यांनी वाळूत उपडी केली. मला रडू आलं, त्यांना नाही आलं.

मग तुझ्या भावाने मशीनचा मेंदू उघडला. त्याच्या वर्कशॉपात बसून त्याने आतले सेन्सर कोणत्या भाषेत बोलतात ते शोधून काढलं आणि स्वतःचा प्रोग्राम लिहिला. तुमच्या प्रोग्रामची नक्कल केली नाही, ते त्याला हवंच नव्हतं. त्याला फक्त पंखा, पंप आणि कॉम्प्रेसर एकमेकांशी जुळवायचे होते. एका गुरुवारी सकाळी बर्फ पडायला लागला आणि धक्क्यावर असा जल्लोष झाला की फादर मिस्सा संपवून तसेच आले आणि मशीनवर पवित्र पाणी शिंपडून गेले. तो फोटो तुमच्या वकिलांनी निशाणी क म्हणून जोडलाय.

निशाणी अ काय आहे ते तुला ठाऊक असेलच, तरी लिहिते, कारण लिहिताना अजूनही हसू येतं. निशाणी अ म्हणजे आपल्या पोरांनी लावलेला फ्लेक्स. बस स्टॉपसमोर, चांगला दहा फुटी. "विदेशी कुलूप तोडून चौकचा बर्फ मोकळा करणारे आपले लाडके ट्रॉयभाऊ यांचे हार्दिक हार्दिक अभिनंदन!" मध्ये ट्रॉय, गॉगल लावून. मागे मशीन आणि का कुणास ठाऊक, एक वाघ. खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो. अख्ख्या जगात कायदा मोडल्याचा आरोप येण्याआधीच त्याची जाहिरात करणारे आपणच असू.

तुमच्या वकिलांनी काय केलं? फ्लेक्सवरचे सगळे शुभेच्छुक प्रतिवादी केले! त्यात राई गावचा विठू रिक्षावालाही आहे. त्याने आयुष्यात ते मशीन पाहिलेलं नाही. त्याचा फोटो प्रत्येक फ्लेक्सवर असतो, गणपती असो, वाढदिवस असो, दहावीचा निकाल असो. समन्स घेऊन माझ्याकडे आला आणि विचारतो, "मॅडम, अभिनंदन केल्याबद्दल किती वर्षं बसतात?"

आम्ही लेखी उत्तरात तोच फ्लेक्स आमचा पुरावा म्हणून लावलाय. फोटोत तुम्ही खालची ओळ कापली, आम्ही ती जोडली. तिथे लिहिलंय, "बर्फ पहाटेपासून मिळेल, सर्व गाववाल्यांना." चोरी करणारा माणूस स्वतःचा फोटो लावून, वेळ आणि ठिकाण देऊन फ्लेक्स लावतो का? अमेरिकेत कुलूप उघडणं हीच चूक धरतात, मग सवलती शोधत बसा. आपला कायदा आधी हेतू विचारतो. आणि तुमच्या युरोपात तर, स्वतःचा प्रोग्राम दुसऱ्याच्या यंत्राशी जुळवायला लागेल तेवढं उघडून बघण्याचा हक्कच आहे. करारात त्याला मनाई घातली तर ती मनाईच रद्द ठरते. गंमत अशी की तुमच्या करारात शेवटी लिहिलंय, या कराराला नेदरलँड्सचा कायदा लागू राहील. कोळ्यांना घाबरवायला घातलेलं कलम असावं. आम्ही म्हटलं, ठीक आहे, लागू राहू दे.

हे मला कोणी शिकवलं ते तू जाणतेसच. त्याबद्दल नंतर कधीतरी.

एक दुखणं आहे, ते लपवत नाही, कारण तुमच्या वकिलांनी त्यावरच बोट ठेवलंय. ट्रॉयने तो प्रोग्राम वसईला दिला, अर्नाळ्याला दिला, मढला दिला. कुणी मागितला, दिला. समुद्रात कुणाचं इंजिन बंद पडलं तर जवळची बोट त्याच्याकडे वळते आणि तिच्यावरचा माणूस सरळ इंजिन उघडतो, हे तू लहानपणापासून पाहिलंयस. मालकाची परवानगी मागायची पद्धत नाही. ट्रॉयला वाटलं, हेही तसंच. मी त्याला विचारलं, "वाटण्याआधी मला विचारायचंस ना?" तर म्हणाला, "ताई, बंद पडलेल्या बोटीला काय विचारत बसायचं?" वाटला तो त्याने स्वतः लिहिलेला प्रोग्राम, तुमचा नव्हे. मी यावर ठाम आहे, पण कोर्ट काय म्हणेल ते कोर्ट म्हणेल.

तुझा प्रस्ताव सोसायटीच्या खास सभेपुढे येणार आहे. सव्वीस जानेवारीला, झेंडावंदन झाल्यावर, चर्चच्या हॉलमध्ये. दोन्ही बाजू मी नीट मांडीन, तुझी अगदी तुझ्यासारखी. वाईट वाटून घेऊ नकोस.

जाता जाता एक विचारते, वकील म्हणून नाही. सोसायटीचे अध्यक्ष मायकेल हे तुझे पप्पा, हे तू ऑफिसात सांगितलंयस का?

तुझी,
रुचिता

ता.क. आई म्हणतेय, क्लेअरला सांग, तिकडे थंडीत डोकं झाकून फिर. सांगितलं.

* * *

पूनम सागर, मीरा रोड
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

प्रिय क्लेअर,

सप्रेम नमस्कार. सलोनीचा फोन आला होता. पिशवी पोचली, तू तिला जेवायला थांबवलंस आणि माझ्याबद्दल एक शब्द काढला नाहीस, असं म्हणाली. ठीक. हे पत्र कुरियरने पाठवतेय, घरच्या पत्त्यावर. आईचा गुडघा तसाच. मेथी महागली.

सभेचं सांगते. ते आता कुणापासून लपलेलं नाही, ठरावाची प्रत तुमच्या वकिलांना रीतसर पाठवली आहे.

हॉल भरला होता. सकाळच्या झेंडावंदनाचे लाडू उरले होते, ते फिरत होते. मी तुझा प्रस्ताव वाचून दाखवला आणि खरं सांगते, मन लावून मांडला. म्हटलं, कोर्टाची वाट लांबची आहे. म्हटलं, अंतरिम हुकूम विरुद्ध गेला तर ट्रॉयचा प्रोग्राम काढावा लागेल आणि मशीन ऐन सीझनमध्ये थांबेल. म्हटलं, कंपनीने फौजदारी तक्रारीची भाषा केलीय आणि तिच्यात ट्रॉयचं नाव पहिलं आहे. सह्या केल्या तर हे सगळं आज संपतं. अर्ध्याहून जास्त माना हलल्या. फ्लेक्सवरचे शुभेच्छुक तर पेन घेऊनच आले होते. त्यांना मी दोष देत नाही. ज्यांच्या दारात आयुष्यात कधी समन्स आलं नाही त्यांच्या घरात ते आलं की काय होतं हे मी रोज पाहते.

मग तुझी मम्मी उठली. सभेत सेलेस्टिन आंटी कधी बोलत नाहीत, त्या मागे बसून लसूण सोलतात. त्या दिवशीही मांडीवर लसूण होता. म्हणाल्या, "पाच वर्सं फुकट हाय, बरं हाय. सहाव्या वर्सी काय? तवा मोटर जळली तर आपला ट्रॉय हात लावनार न्हाय, कारन आपन लिवून दिलंय. त्याचा पोरगा शिकला तर तोबी हात लावनार न्हाय. आपन बरफ घेत न्हाय, आपन हात इकतोय." आणि खाली बसून पुन्हा लसूण सोलायला लागल्या.

कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. उलट एका कोपऱ्यातून आवाज आला, "ट्रॉय आत गेला तर बोलशील काय असंच?" त्यावर मायकेल अंकल खुर्चीवरून उठले. "ट्रॉय कशाला आत जाईल? मी सांगितलं म्हनून त्यानं उघडलं. अध्यक्ष मी हाय. मशीन आमची, म्हावरं आमचं, बरफ आमचा, मंग चावी त्यांची कशी? मीच बोललो, उघड. तसं लिवून बी दिलंय मी."

खरंच दिलंय. आदल्या दिवशी माझ्या ऑफिसात येऊन त्यांनी प्रतिज्ञापत्र केलं. ते तिथेच थांबवायचा मी खूप प्रयत्न केला. ट्रॉयलाही सभेतच कळलं. तो ओरडला, "पप्पा, खोटं नका बोलू, तुम्ही फक्त टॉर्च धरला होता!" तर अंकल म्हणतात, "टॉर्च धरला म्हंजे सांगितलंच." मी त्यांना पुन्हा बाजूला घेऊन विचारलं, अंकल, नक्की काय झालं ते सांगा, मी खोटं कोर्टात लावणार नाही. तेव्हा सगळं बाहेर आलं. ट्रॉय कचरत होता, वॉरंटी जाईल म्हणत होता. अंकलनी टॉर्च पेटवला आणि म्हणाले, उघड, काय व्हायचं ते माझ्यावर. म्हणजे खरंच त्यांनीच सांगितलं. प्रतिज्ञापत्र मी तसं सुधारून घेतलं, टॉर्चसकट.

ठराव झाला. सही करायची नाही. काठावरची मतं होती, पण झाला. विठूनेसुद्धा शेवटी हात वर केला. मी विचारलं, घाबरत होतास ना? म्हणाला, "मॅडम, आता नाव लागलंच आहे, तर फोटो तरी चांगला येऊ दे."

आता जे लिहायचं मी टाळतेय ते. पहिल्या पत्रात "नंतर कधीतरी" म्हणून सोडलं होतं.

कोर्टाने मागच्या तारखेला एक साधा प्रश्न विचारला. करार म्हणतो नेदरलँड्सचा कायदा, ठीक आहे, पण तो कायदा काय सांगतो ते दाखवा. आपल्याकडे परदेशी कायदा कोर्टाला आपोआप ठाऊक धरत नाहीत. तो जाणकाराच्या मताने सिद्ध करावा लागतो, हे आपण दोघी एकाच बाकावर बसून शिकलोय. पुढे साक्षीपुरावा होईल तेव्हा आम्ही परदेशातला कोणी प्राध्यापक शोधू. पण अंतरिम अर्जाची सुनावणी अठरा फेब्रुवारीला आहे. त्या दिवशी हातात काहीतरी वजनदार हवं. ते माझ्या कपाटात आहे. निळ्या कव्हरचं, तुझ्या सहीचं. तुझा छापलेला प्रबंध. चौथं प्रकरण.

तूच त्यात लिहिलंयस की देशाचं तंत्रज्ञानातलं स्वातंत्र्य सगळं घरी बनवण्यावर अवलंबून नसतं, विकत घेतलेलं उघडता येतं की नाही यावर असतं. भारत, अमेरिका आणि नेदरलँड्स, तिन्ही देशांचे कायदे शेजारी शेजारी ठेवून, प्रत्येक निकाल चाळून तू ते सिद्ध केलंस. तो प्रबंध तू या नोकरीच्या आधी लिहिलास. छापलेला आहे, लायब्ररीत आहे. तो कोर्टात दाखवायला मला तुझ्या परवानगीची गरज नाही. आणि कंपनीच्या स्वतःच्या विधी विभागातल्या बाईचं मत कंपनी कोणत्या तोंडाने खोडणार? क्लेअर, मला राग येतो तुझा. इतकं स्वच्छ लिहिणारी बाई, आणि मला मेल करतेस की पप्पांना सही करायला लाव. राग येतो आणि तुझी काळजीही वाटते. दोन्ही खरं आहे.

बुधवारी मी पुस्तक घेऊन चौकला गेले. तुझ्या घरी त्याची एक प्रत आहेच, वेलंकणी माऊलीच्या फोटोखाली, तू गुंडाळून दिलेल्या कागदातच. इंग्रजी म्हणून कुणी उघडलेलं नाही. आंटी रोज त्यावरची धूळ पुसतात. मी अंकलना म्हटलं, ही आपली सगळ्यात मजबूत बाजू. चौथं प्रकरण मराठीत समजावून सांगितलं. त्यांनी बोट ठेवून विचारलं, "न् ह्या पयल्या पानावर काय लिवलंय? एकच ओळ हाय."

मी वाचलं. "माझ्या पप्पांना, ज्यांनी विकत आणलेलं प्रत्येक यंत्र आधी उघडून पाहिलं."

तू त्यांना हे कधी सांगितलं नव्हतंस? त्यांनी चष्मा काढून पुसला, पुस्तक मिटलं आणि माझ्या हातात परत दिलं. "हे कोरटात लावायचं न्हाय," म्हणाले. "पोरीची नोकरी जाईल. मी हाय ना, मी बोललो उघड, मी बगून घेईन." मी वकिली शहाणपण सगळं वापरून पाहिलं. मी चिडले, हात जोडले. ऐकत नाहीत. अशील नको म्हणतो तेव्हा वकिलाला हात बांधून बसावं लागतं, हे तुला सांगायला नको.

म्हणून निघताना विचारलं, हे सगळं मी क्लेअरला कळवू का? त्यांची परवानगी नसती तर यातलं एक अक्षरही लिहिलं नसतं. ते म्हणाले, "सांग तिला. पन तिच्याकडं मागू नको काय."

तर मी मागत नाहीये. मला मनाई आहे. फक्त काय होणार ते सांगते. अठरा तारखेला मी ठाण्याच्या कोर्टात जाणार आणि पुस्तकाशिवाय जेवढं लढता येईल तेवढं लढणार. हेतूवर लढेन, फ्लेक्सवर लढेन, अंकलच्या टॉर्चवर लढेन. हरले तर वर जाईन, तिथेही हरले तर पुन्हा पहिल्यापासून पुरावा देईन. मी ही केस सोडणार नाही. ट्रॉयने प्रोग्रामची पुढची आवृत्ती लिहायला घेतलीय, थांबायचं नाव नाही. आणि मशीन रोज पहाटे बर्फ पाडतंय. काल आंटी पापलेट घेऊन आमच्या दारात आल्या आणि आईला म्हणाल्या, "डोळं बगा." आईने पाहिले. स्वच्छ होते.

पहिल्या पत्रातल्या प्रश्नाचं उत्तर तू दिलेलं नाहीस. तेही मागत नाही.

तुझी मैत्रीण, आणि अठरा तारखेला सकाळी अकरा वाजता तुझी विरुद्ध बाजू,
रुचिता

* * *

रॉटरडॅम
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

प्रिय पप्पा,

साष्टांग नमस्कार लिहायचा की नुसता, ते आठवत नाही. मराठीत पत्र लिहून किती वर्षं झाली. चुका झाल्या तर रुचिताला सांगा, ती हसून सुधारेल. तिलाच वाचून दाखवायला सांगा, ट्रॉयला नको, तो मधली वाक्यं गाळतो.

बोंबील छान होते. खिडक्या उघडल्या होत्या, तरी खालच्या मजल्यावरून माणूस विचारायला आला की काही जळतंय का. त्यालाही एक दिला.

आज सकाळी मी माझ्या वरिष्ठांना सांगितलं की त्या सोसायटीचे अध्यक्ष माझे वडील आहेत आणि पहिला प्रतिवादी माझा भाऊ. हे मी नोटीस निघाली त्या दिवशीच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर मला या प्रकरणाच्या जवळपास फिरकू दिलं नसतं, आणि मला वाटत होतं की आत राहून मी तुम्हाला वाचवीन. आता मला बाजूला केलंय. पुढे माझं काय करायचं ते ते ठरवतील. ऑफिसातलं याहून जास्त मी लिहिणार नाही, तो माझा शब्द आहे त्यांना.

तुमच्या सहीसाठी मी रुचितावर जोर टाकला. मला भीती वाटत होती, पप्पा. ट्रॉयसाठी, तुमच्यासाठी, आणि माझ्या नोकरीसाठीही. मम्मी म्हणाली ते बरोबर आहे. सहाव्या वर्षाचा विचार मी केलाच नव्हता.

तुम्ही रुचिताला म्हणालात, माझ्याकडे मागू नको. तिने मागितलं नाही. म्हणून मीच सांगते. तो प्रबंध माझा आहे. त्यातली एकही ओळ मी आज बदलणार नाही, नोकरी राहिली तरी नाही आणि गेली तरी नाही. मी जे खरं म्हणून लिहिलं ते माझ्या पोटासाठी तुम्ही कपाटात ठेवायचं, हे मला चालणार नाही. तुम्ही माझ्यासाठी टॉर्च धरून बसलात आणि मी उघडायला घाबरले, असं नको. आजवर बोटीचं इंजिन असो की मम्मीचा मिक्सर, तुम्ही कधी कुणाला विचारलं नाहीत. हे पुस्तकही उघडा.

रुचिताला सांगा, चौथं प्रकरण लाव. आणि पहिलं पान फाडू नको म्हणावं. ते सगळ्यात वर राहू दे, न्यायाधीशांनी आधी तेच वाचावं.

तुमच्या हाताखाली टॉर्च धरायला शिकलेली,
क्लेअर